खातं लाखाचं, मुभा दहा हजारांची
वाचकांचे प्रश्न : फंडेड खातं हाती आल्यावर

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली पत्रं एकाच विषयावर आहेत. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परदेशातली एखादी प्रॉप कंपनी फी घेऊन चाचणी घेते, तिला चॅलेंज म्हणतात. ठरलेल्या तोट्याच्या आत राहून ठरलेला नफा करून दाखवला, की कंपनीचं मोठं खातं चालवायला मिळतं आणि नफ्यातला साधारण ७० ते ९० टक्के वाटा ट्रेडरला मिळतो. हेच फंडेड खातं. चॅलेंज कसं पास करायचं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. पास झाल्यावर काय बदलतं हे मात्र पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांना खातं गेल्यावर कळलं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. आकडे कंपनीगणिक वेगळे असतात. खालची उदाहरणं नेहमी आढळणाऱ्या नियमांवर बेतली आहेत, तेव्हा आपल्या करारातले आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडावा.

प्रश्न : चॅलेंजचे दोन्ही टप्पे पास होऊन ५०,००० डॉलरचं खातं मिळालं. एकूण तोट्याची मर्यादा १० टक्के आणि दिवसाची ५ टक्के आहे. चॅलेंजमध्ये सोन्यात अर्धा लॉट घेत होतो. आता तोच ठेवू का? (शिरपूर)

उत्तर : ठेवू नका. सोन्याचा एक लॉट म्हणजे १०० औंस, म्हणजे सुमारे ३ किलो ११० ग्रॅम. अर्ध्या लॉटमध्ये तुम्ही दीड किलोहून जास्त सोनं उचलता. जळगावच्या सराफ बाजारात कुणी एवढं सोनं तासाभरासाठी अंगावर घेईल का, याचा विचार करा. पडद्यावर ०.५० हा आकडा लहान दिसतो, पण भाव एक डॉलर हलला की खात्यात ५० डॉलर हलतात, आणि सोनं एका दिवसात ३०-४० डॉलर सहज हलतं.

चॅलेंजमध्ये मोठा लॉट घेण्यामागे निदान काही हिशेब होता. तिथे ८-१० टक्क्यांचं टार्गेट गाठायचं होतं आणि पणाला फक्त फी होती. फंडेड खात्यात टार्गेट उरत नाही. पहिल्या पेआउटच्या, म्हणजे नफ्याचा वाटा हाती येण्याच्या, तारखेपर्यंत खातं जिवंत ठेवायचं, एवढंच काम असतं. म्हणून लॉट नफ्याच्या इच्छेवरून ठरवायचा नाही, तोट्याच्या मुभेवरून ठरवायचा.

तुमची मुभा, म्हणजे एकूण तोट्याची मर्यादा, ५,००० डॉलर आहे. तेच तुमचं भांडवल, ५०,००० नव्हे. एका सौद्यात मुभेच्या ३ टक्के, म्हणजे १५० डॉलर, इतकाच धोका घ्या. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेला तोटा झाला की सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, १० डॉलरवर असेल आणि स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक) व कमिशनसाठी अर्धा डॉलर धरला, तर औंसामागे साडेदहा डॉलर होतात. १५० भागिले १०.५ म्हणजे १४ औंस, म्हणजेच ०.१४ लॉट. दर सौद्याआधी हा भागाकार करायचा. स्टॉप २० डॉलरवर ठेवावा लागत असेल तर लॉट ०.०७ होतो. मनाला पटो न पटो, लॉट तितकाच घ्यायचा.

इतका लहान का? निम्मे सौदे जिंकणारी पद्धत घेतली, तरी १०० सौद्यांत कुठेतरी सलग सहा तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. सलग आठ येण्याची शक्यताही सुमारे १७ टक्के असते. अर्ध्या लॉटने सहा तोटे म्हणजे ३,१५० डॉलर गेले आणि मुभा १,८५० उरली. त्यातले पाच तोटे एकाच दिवशी आले तर २,६२५ होतात, म्हणजे दिवसाची २,५०० ची मर्यादा ओलांडून खातं तिथेच संपलं. ०.१४ लॉटने तेच सहा तोटे ८८२ डॉलरचे होतात आणि हातात ४,१०० हून जास्त मुभा राहते. बाजार तोच, सौदेही तेच. एक खातं उडालं आणि दुसरं चालू आहे.

स्वतःची रोजची मर्यादा कंपनीच्या मर्यादेच्या बरीच खाली ठेवा. या खात्यात दोन तोटे किंवा ४०० डॉलर, यातलं जे आधी होईल तिथे लॅपटॉप बंद. स्टॉपलॉस नेमक्या भावाला लागेलच याची हमी नसते. वेगाने हलणाऱ्या बाजारात तो दोन-चार डॉलर पुढे लागतो, आणि काठावर चालणाऱ्याचं खातं त्याच फरकात जातं.

प्रश्न : मी रेल्वेत आहे. रात्री झोपताना १,२०० डॉलर नफ्यात होतो, पोझिशन (चालू सौदा) उभी ठेवली. सकाळी खातं बंद. बॅलन्सपेक्षा तोटा १,३०० च्या आसपास दिसतो आणि दिवसाची मर्यादा तर २,५०० होती. कंपनीने फसवलं का? (भुसावळ)

उत्तर : फसवलं नसावं. तुमच्या करारात दिवसाची मर्यादा बॅलन्सवरून मोजतात की इक्विटीवरून, हे आधी पाहा. बॅलन्स म्हणजे बंद झालेल्या सौद्यांचा हिशेब. इक्विटी म्हणजे त्यात उभ्या पोझिशनचा चालता नफा-तोटा मिळवून येणारा आकडा. बऱ्याच कंपन्या दिवस पालटताना बॅलन्स आणि इक्विटी यांतला जो आकडा मोठा असेल त्यातून २,५०० वजा करतात.

तुमचा बॅलन्स ५०,००० आणि चालता नफा १,२००, म्हणजे दिवस पालटला तेव्हा इक्विटी ५१,२०० होती. त्या दिवसाची रेघ, म्हणजे जिला टेकलं की खातं बंद होतं तो आकडा, ४८,७०० वर बसली. भाव उलटून पोझिशन १,३०० तोट्यात आली आणि इक्विटी रेघेला टेकली. तुमच्या नजरेत तोटा १,३०० चा होता, कंपनीच्या मोजणीत एका दिवसात २,५०० गेले होते. चालता नफा अजून आपला झालेला नसतो, पण रेघ वर सरकवायला तो पुरतो.

दुसरी बाब घड्याळाची. कंपनीचा दिवस आपल्या मध्यरात्री पालटत नाही. प्रागच्या वेळेवर चालणाऱ्या कंपनीचा दिवस आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला आणि हिवाळ्यात साडेचारला पालटतो. न्यूयॉर्कच्या बाजारबंदीवर चालणाऱ्या सर्व्हरचा दिवस उन्हाळ्यात अडीचला आणि हिवाळ्यात साडेतीनला. त्याच सुमारास व्यवहार कमी असल्याने स्प्रेड रुंदावतो आणि रात्रभर पोझिशन ठेवल्याचा स्वॅपही वळता होतो. चलनांत तो बहुधा बुधवारी तिप्पट लागतो, आणि ही वजावटही दिवसाच्या तोट्यात धरली जाते. म्हणून रात्रभर पोझिशन ठेवायचीच असेल तर झोपण्यापूर्वी निम्मी बंद करावी आणि उरलेल्या निम्मीचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणावा. चालता नफा मुभेच्या दहाव्या हिश्शाहून मोठा असेल, तर आम्ही तो बंद करूनच झोपायला सांगू.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगणं आमचं काम आहे. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ च्या नियम १६ नुसार रेल्वे कर्मचाऱ्याला शेअर वा अन्य गुंतवणुकीत सट्टा करता येत नाही, आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टाच मानली जाते. खाजगी व्यवसायावरही वेगळी बंधनं आहेत. त्यापुढे खात्याचा तोटा लहान आहे. नोकरीवर बालंट आलं तर ते परवडणारं नाही. नवं चॅलेंज घेण्याआधी हा नियम स्वतः वाचा.

प्रश्न : फ्युचर्सचं (पुढच्या तारखेच्या करारांचं) ५०,००० डॉलरचं खातं ५३,००० पर्यंत नेलं आणि २,५०० काढून घेतले. दुसऱ्या दिवशी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या एका सौद्यात २५ पॉइंट उलटे गेले आणि खातं बंद झालं. नफ्यात असलेलं खातं ५०० डॉलरच्या तोट्यावर कसं जातं? (यावल)

उत्तर : या अंकातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र हे आहे. पैसे हातात आल्याच्या आनंदात सगळ्यांत जास्त खाती इथेच जातात.

तुमच्या खात्यात तोट्याची मर्यादा जागेवर उभी नसते, मागोमाग चढते. तिला ट्रेलिंग ड्रॉडाउन म्हणतात. सुरुवातीला रेघ ४८,००० वर, म्हणजे मुभा २,००० होती. खातं जसं वर गेलं तशी रेघही वर गेली आणि ५०,००० ला पोहोचून थांबली. पुष्कळ कंपन्यांत ती मूळ रकमेवर किंवा तिच्या किंचित वर कायमची थांबते. खातं खाली आलं तरी रेघ उतरत नाही. बॅलन्स ५३,००० होता तेव्हा मुभा ३,००० होती. २,५०० काढल्यावर बॅलन्स ५०,५०० झाला, रेघ तिथेच राहिली, मुभा ५०० उरली. नॅस्डॅकच्या ई-मिनी करारात एक पॉइंट २० डॉलरचा असतो. २५ गुणिले २० म्हणजे बरोब्बर ५००.

म्हणजे काढलेली रक्कम मुभेतून जाते. करार वाचताना हे एक वाक्य शोधा : पेआउटनंतर तोट्याची रेघ कुठे असेल? काही कंपन्यांत पहिला पेआउट घेताच रेघ मूळ रकमेवर आणली जाते, मग नफा तिथवर पोहोचलेला असो वा नसो.

तर किती काढावं? इथे दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. खात्यात ठेवलेला नफा कंपनीच्या हातात असतो. कंपनी बंद पडली तर तो गेला. काढला तर मुभा आटते. आमचं मत असं, की पहिल्या पेआउटमध्ये आजवर भरलेली सगळी फी वसूल होईल इतकं तरी काढावं. त्यापुढे मात्र खात्यात मूळ मुभेएवढी रक्कम रेघेच्या वर राहील असं पाहूनच काढावं. तुमच्या बाबतीत ५२,००० ठेवून १,००० काढले असते तर मुभा पूर्ण २,००० राहिली असती. २,५०० काढायचेच असते, तर दुसऱ्या दिवशी ई-मिनी सोडून मायक्रोवर यायला हवं होतं. तिथे पॉइंट २ डॉलरचा असतो, तेच २५ पॉइंट ५० डॉलरचे झाले असते आणि असे नऊ सौदे चुकण्याची जागा उरली असती.

आणखी एक. काही खात्यांत रेघ दिवसअखेरच्या बॅलन्सवरून चढते, काहींत सौदा चालू असतानाच्या शिखरावरून. दुसरा प्रकार फार कडक आहे. समजा नवं खातं ५०,००० वर आहे, सौदा १,५०० नफ्यापर्यंत गेला आणि तुम्ही तो २०० वर बंद केला. रेघ ४९,५०० वर चढली, बॅलन्स ५०,२००. नफ्यातला सौदा करूनही मुभा २,००० वरून ७०० वर आली. अशा खात्यात नफा धावू देण्याची जुनी शिकवण चालत नाही. ठरलेल्या टार्गेटला ऑर्डर लावून बाहेर पडावं लागतं.

प्रश्न : चॅलेंजमध्ये अमेरिकेचे आर्थिक आकडे जाहीर होतात त्या वेळीच मोठा नफा केला होता, कुणी हरकत घेतली नाही. फंडेड खात्यात तसाच सौदा केला तर नफा कापला. शिवाय आता ‘कन्सिस्टन्सी’ बसत नाही म्हणून पेआउट अडवला आहे. (धुळे)

उत्तर : काही नियम चॅलेंजमध्ये लागूच नसतात आणि फंडेड खात्याच्या करारात पहिल्यांदा येतात. बातमीचा नियम त्यातला एक. मोठ्या आकड्यांच्या आधी दोन मिनिटं आणि नंतर दोन मिनिटं संबंधित चलनात किंवा सोन्यात सौदा उघडायचा नाही, बंद करायचा नाही, असं त्याचं नेहमीचं रूप आहे. लोक फसतात ते इथे, की त्या चार मिनिटांत आधीच लावलेला स्टॉपलॉस किंवा टार्गेट लागलं, तरी अनेक ठिकाणी तो सौदा बंद केल्यातच जमा होतो. म्हणून आकड्यांच्या दहा मिनिटं आधी पोझिशन मोकळी करा आणि लावून ठेवलेल्या ऑर्डरीही काढा. अमेरिकेचे रोजगाराचे आणि महागाईचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला येतात. फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदराचा निर्णय उन्हाळ्यात रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या मध्यावर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बदलतं. त्या आठवड्यांत वेळ दोनदा तपासा. शनिवार-रविवार पोझिशन ठेवायलाही काही फंडेड खात्यांत बंदी असते, तेव्हा शुक्रवारी रात्री ११ पर्यंत हात मोकळे करणं बरं.

कन्सिस्टन्सी म्हणजे एका दिवसाचा नफा एकूण नफ्याच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त नसावा. कुठे ३० टक्के, कुठे ४०, कुठे ५०. तुमचा सर्वांत मोठा दिवस १,८०० चा आणि एकूण नफा ३,००० असेल, तर तो दिवस ६० टक्के झाला. ३० टक्क्यांच्या नियमात बसायला एकूण नफा ६,००० व्हावा लागेल. इथे लोक घाईने लॉट वाढवतात आणि होते ते ३,००० ही घालवतात. किंवा आणखी एक मोठा दिवस येतो आणि गणित पुन्हा लांबतं. उपाय कंटाळवाणा आहे : लॉट निम्मा करा आणि दिवसाला १५०-२०० वर समाधान माना. २०० च्या हिशेबाने उरलेले ३,००० व्हायला नफ्याचे पंधरा दिवस लागतील. पुढच्या वेळी दिवसाच्या नफ्यालाही आधीच कमाल आकडा ठरवून ठेवा. केळीचा सगळा माल एकाच गाडीत न घालता टप्प्याटप्प्याने काढतात, तसंच.

प्रश्न : चुलतभाऊ सूरतला असतो. माझं खातं त्याने तिथून चालवलं तर चालेल का? टेलिग्रामवर एक जण ‘पास करून देतो, निम्मा नफा’ म्हणतो, त्याचं काय? (नवापूर)

उत्तर : दोन्ही नको. केवायसी तुमच्या नावाने आहे आणि करारात खातं दुसऱ्याला चालवायला देण्याची मनाई असते. सकाळी नवापूरचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) आणि दुपारी सूरतचा दिसला, की पेआउटच्या तपासणीत प्रश्न येतो. तुम्ही स्वतः प्रवासात असाल तर व्हीपीएन न लावता मोबाइलवरून सौदे करा आणि तिकीट जपून ठेवा. पास करून देणारे तेच सौदे शेकडो खात्यांत एकाच वेळी टाकतात. कंपनीला ते एका नजरेत दिसतं आणि सगळी खाती एकदम बंद होतात. एकाच घरात दोघा भावांची खाती असतील तर एकमेकांचे सौदे उतरवू नका, आणि दोघं एकाच वायफायवर असल्याचं कंपनीला आधीच ईमेलने कळवा.

प्रश्न : हे सगळं आपल्या कायद्यात बसतं का? कुणी म्हणतं बसतं, कुणी म्हणतं ईडी येईल. (अमळनेर)

उत्तर : शेअर अमळनेरला नवे नाहीत. विप्रोची सुरुवात १९४५ साली तुमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि तिचे शेअर गावातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पण मान्यताप्राप्त बाजारातला शेअर आणि परदेशी कंपनीचं फॉरेक्स (परकीय चलनाचं) खातं, या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत.

नक्की काय आहे ते सांगतो. फेमा, १९९९ या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे व्यवहार फक्त अधिकृत व्यक्तींमार्फत आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करायचे असतात. ऑनलाइन सौदे करायचे तर ते आरबीआयने मान्य केलेल्या मंचांवर किंवा एनएसई, बीएसई यांसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. एलआरएस या परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशातल्या मार्जिन ट्रेडिंगसाठी (थोडी अनामत भरून मोठे सौदे करण्यासाठी) ते पाठवता येत नाहीत. भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ७ सप्टेंबर २०२२ ला आरबीआयने अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी पहिल्यांदा काढली. तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे ती कंपनी अधिकृत आहे, असा अर्थ काढू नये, हे आरबीआयनेच स्पष्ट केलं आहे.

प्रॉप कंपन्यांचं म्हणणं असं, की ट्रेडर स्वतःचे पैसे बाजारात लावत नाही, खातं बहुतेक वेळा डेमो (आभासी पैशांचं) असतं, फी ही सेवेची फी आहे आणि पेआउट हा मोबदला. हा कंपन्यांचा युक्तिवाद आहे, आरबीआयचा नाही. वाद निघालाच तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, प्राग किंवा दुबईतल्या कंपनीला नव्हे. निदान एक पथ्य कडकपणे पाळा : कंपनीने सांगितलं म्हणून स्वतःचे पैसे एखाद्या परदेशी ब्रोकरकडे मार्जिन म्हणून पाठवू नका. तिथे युक्तिवादालाही जागा नाही.

देशातल्या देशात ‘डिपॉझिट भरा, चौपट लिमिट मिळेल’ म्हणणारे डेस्क वेगळे, पण सावधगिरी तितकीच हवी. सौदा तुमच्या नावाच्या ट्रेडिंग खात्यातून एक्स्चेंजवर होत नसेल आणि काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची नोंद) मिळत नसेल, तर डिपॉझिट बुडाल्यावर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, तुमची तक्रार उभी राहणं अवघड. सौदा एक्स्चेंजवर जातच नसेल तर तो डब्बा आहे आणि डब्बा हा गुन्हा आहे. सोन्याचीच ओढ असेल तर एमसीएक्स या देशातल्या वायदे बाजारावर १ ग्रॅमचा गोल्ड पेटल आणि १०० ग्रॅमचा गोल्ड मिनी आहे. लॉट लहान, नियम आपल्या भाषेत विचारता येतात, आणि तोटा झाला तरी कायद्याची भीती नाही.

प्रश्न : पहिला पेआउट यूएसडीटीमध्ये (डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो चलनात) घ्यावा की बँकेत? कर कसा लागतो? (पाचोरा)

उत्तर : बँकेत. यूएसडीटी पी टू पी वर, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला, विकताना समोरचा कोण हे कळत नाही. त्याने पाठवलेले पैसे एखाद्या सायबर फसवणुकीतून आलेले निघाले, तर दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर तुमचं इथलं खातं गोठतं आणि सोडवायला महिने जातात. बँकेत परदेशातून रक्कम आली की बँक कारण विचारते. जे काम आहे तेच लिहा. मित्राने सांगितलं म्हणून सॉफ्टवेअर सेवा किंवा कुटुंबखर्च असं खोटं लिहू नका. करार, पेआउटचं प्रमाणपत्र आणि बँकेचा दाखला एका फायलीत ठेवा.

ही रक्कम शेअरवरचा भांडवली नफा नव्हे, कारण खातं तुमचं नाही. ती व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवली जाते आणि आयटीआर-३ भरावा लागतो. वर्षाचा कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. यूएसडीटीत घेतलेच असतील, तर मिळाल्या दिवशीची रुपयांतली किंमत उत्पन्नात धरायची आणि पुढे विकताना वर जो नफा होईल त्यावर ३० टक्के आणि उपकर वेगळा. आतापर्यंत भरलेल्या फीच्या पावत्या सीएला दाखवा. खर्च म्हणून त्यातलं काय धरता येईल ते तो सांगेल.

प्रश्न : आमची दोन एकर केळी आहे. मुलगा जळगावच्या चटई कारखान्यात कामाला आहे. त्याला एक लाख डॉलरचं खातं मिळालं म्हणून घरात पेढे वाटले. आता तो नोकरी सोडतो म्हणतो आणि या खात्याच्या भरवशावर ट्रॅक्टरचं कर्ज काढू म्हणतो. बटईच्या शेतीसारखंच आहे, म्हणतो. मला यातलं कळत नाही. (रावेर तालुक्यातून एक आई)

उत्तर : ताई, तुमचा मुलगा परीक्षा पास झाला आहे, त्याचं कौतुक जरूर करा. पण ते लाख डॉलर घरात आलेले नाहीत. बँकेत दाखवता येत नाहीत, त्यांच्यावर कर्ज मिळत नाही, आणि एका वाईट दिवसात ते खातं बंद होऊ शकतं. बटईत जमीन खरी असते आणि पीक बुडालं तरी पुढच्या हंगामाला तीच जमीन समोर असते. इथे खातं बहुधा आभासी असतं, आणि त्याच्या हातात खरोखर आहे ती दहा हजार डॉलरच्या तोट्याची मुभा.

कमाईचा हिशेब असा. महिन्याला २ टक्के नफा टिकवणं हे चांगलं काम मानलं पाहिजे. त्याचे २,००० डॉलर होतात, ८० टक्के वाट्याने १,६००. ऐकायला मोठं आहे, पण तोट्याच्या महिन्यात काहीच येत नाही आणि खातं गेलं तर पुन्हा फी भरून पहिल्यापासून सुरुवात. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा फंडेड खात्यांचा नाही, फ्युचर्स-ऑप्शन्सचा आहे, तरी तो ध्यानात असू द्या : आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा सुमारे दोन लाखांचा होता.

कंपनीचाही धोका असतो, मुलाने काही चूक न करता. माय फॉरेक्स फंड्स ही या धंद्यातली मोठी कंपनी. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने तिला कोर्टात खेचलं, पैसे गोठले, काम थांबलं आणि ट्रेडरांचे पेआउट अडकले. मे २०२५ मध्ये कोर्टाने तो खटला नियामकाच्याच वागणुकीवरून फेटाळला, पण मधली पावणेदोन वर्षं कुणाच्या घरखर्चाला थांबली नाहीत.

म्हणून नोकरी आता सोडू नये. लंडनचा बाजार आपल्या दुपारी आणि न्यूयॉर्कचा संध्याकाळी सुरू होतो. सकाळची पाळी मागून घेतली तर दोन्ही कामं होतात. ट्रॅक्टरचं कर्ज केळीच्या पट्टीच्या पैशावर झेपत असेल तरच काढा, या खात्याच्या भरवशावर नाही. वर्षभर पेआउट बँकेत आले आणि घराचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, तर नोकरीचा विषय पुन्हा काढता येईल.

आज त्याच्याजवळ बसा आणि तीन कागद मागा. आजवर सगळ्या चॅलेंजांना मिळून किती फी भरली त्याची बेरीज, नापास झालेली धरून. आजवर बँकेत प्रत्यक्ष किती पेआउट आले त्याचं पासबुक. आणि करारातलं ते पान, ज्यावर खातं कधी बंद होतं हे लिहिलं आहे. ते त्याने तुम्हाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवावं. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर नवी फी त्या दिवसापासून बंद. फी भरायला कुणाकडून उसने घेतले आहेत का, हे रागावून न विचारता शांतपणे विचारा. उसने घेतले असतील तर पहिल्या पेआउटमधून आधी ते फिटू द्या.